घरचं उरलेलं कंपोस्ट विकायचंय (सोलापूर): भाव काय लावावा, चाळणी, पॅकिंग, परवाना?

गच्ची_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी. गच्चीवर २०० लिटरचे तीन ड्रम आहेत. आमचा आणि शेजारच्या पाच घरांचा ओला कचरा त्यात जातो, रोज साधारण ६ किलो. सुकं म्हणून कडुनिंबाचा पाला आणि शेंगांची टरफलं. आमच्या ४० कुंड्यांना लागेल तेवढं वापरून आत्ता ८०-९० किलो पोत्यांत भरून पडलंय. एक नर्सरीवाले किलोला ५ रुपये म्हणतात, तेही "चाळून आणून द्या" म्हणून.

तर विचारायचं असं: यातून महिन्याला चार पैसे खरंच सुटतात का? भाव काय धरावा? कितीची पिशवी करावी? खत विकायला परवाना लागतो म्हणतात, तो घरगुतीलाही लागतो का? आणि गच्चीवर उन्हात पसरून वाळवलं तर चालेल ना?

हिशोबनीस

ताई, भावाचं नंतर. आधी महिन्याला हातात किती येतं ते मांडू.

रोज ६ किलो म्हणजे महिन्याला १८० किलो ओलं. त्यात चारातले तीन हिस्से पाणीच, म्हणजे कोरडा माल ४५ किलो. सोबत ४५ किलो पाला-टरफल धरा, त्यातला कोरडा माल ४० किलो. झाले ८५. कुजताना यातला निम्मा हवेत जातो, उरले ४२-४३. विकायच्या खतात ३० टक्के ओल असते म्हणून काट्यावर ६० किलो दिसतं. चाळल्यावर पाचातला एक हिस्सा जाळीवर राहतो. उरले ४८. त्यातले ५-६ किलो तुमच्याच कुंड्यांना. म्हणजे विकायला महिन्याला ४२ किलो.

नर्सरीच्या भावाने २१० रुपये. किरकोळ २० रुपये किलोने ८४०, त्यातून ५ किलोच्या आठ पिशव्यांचे ८० वजा, ७६०. यात पोचवायला गेलात तर पेट्रोल धरलेलंच नाही. चार पैसे सुटतात, पण चारच. घर चालेल असं यात काही नाही, हे डोक्यात ठेवूनच उतरा.

शेतकरी तुमचं गिऱ्हाईक नाही. डाळिंबाची ४.५ बाय ३ मीटरवर लागवड असली तर एकरी ३०० झाडं बसतात. झाडाला नुसतं १० किलो धरलं तरी एका एकराला ३ टन. तो शेणखत ट्रॉलीने घेतो, साखर कारखान्याची मळी घेतो. तुमच्या ४२ किलोकडे तो बघणारसुद्धा नाही. गिऱ्हाईक म्हणजे १०-२० कुंड्या असलेलं घर. त्या घराला खत नको असतं, त्याला "कुंडीत काय भरू" याचं उत्तर हवं असतं. म्हणून माझं मत: नुसतं कंपोस्ट विकू नका, कुंडी भरायचं तयार मिश्रण विका.

मापाने सांगतो, वजनाने नाही. १० लिटरच्या पिशवीत ४ लिटर पोयटा (गाळाची भुसभुशीत माती), ३ लिटर चाळलेलं कंपोस्ट, २ लिटर भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ लिटर भाताचं तूस किंवा कुटलेलं टरफल. वरून मूठभर निंबोळी पेंड. कंपोस्ट लिटरला अर्धा किलोच्या थोडं वर भरतं, म्हणजे ४२ किलोचे ७५ लिटर झाले आणि त्यात २५ पिशव्या बसतात. कोकोपीटची ५ किलोची एक वीट भिजून ६५-७० लिटर होते, म्हणजे महिन्याला एक वीट पुरून उरते. पिशवी ९० रुपयांना ठेवली आणि सामान-पिशवीचे ३० वजा केले तर एकीमागे ६०, पंचवीसचे दीड हजार. खत तेवढंच, मिळकत दुप्पट.

पोयट्याच्या जागी आपली काळी माती मात्र घालू नका. फुकट मिळते म्हणून मोह होतो. कुंडीत ती वाळली की आकसून कडेपासून सुटते, पाणी भिंतीलगत खाली निघून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. गिऱ्हाईक म्हणणार, तुमच्या मिश्रणात झाड जळलं.

हंगामही बघा. एप्रिल-मेमध्ये इथे कुणी नवी कुंडी लावत नाही, असलेली जगवली तरी खूप. पहिला पाऊस पडला की मागणी, मग दसरा-दिवाळीच्या सुमाराला परत, शेवंती-झेंडूच्या निमित्ताने. म्हणजे उन्हाळ्यात साठवायचं आणि जूनमध्ये काढायचं.

चाळणीवाला

वरचा हिशोब बरोबर आहे, पण माल विकण्याजोगा आहे का हे आधी बघावं लागेल. "पोत्यांत भरून पडलंय" हे वाचून थोडी धास्ती वाटली. एका पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं किंवा वास आंबूस आला तर ते अजून कच्चं आहे. विकू नका.

ड्रममध्ये ४५ ते ६० दिवस कुजणं आणि त्यानंतर बाहेर सावलीत ३-४ आठवडे मुरणं, हे दोन वेगळे टप्पे आहेत. लोक पहिला झाला की विकायला काढतात. रंग काळा झालेला असतो म्हणून फसगत होते. कच्चं खत कुंडीत गेलं की कुजणं तिथेच सुरू राहतं, मुळांशेजारचं नत्र जिवाणूच ओढून घेतात आणि पानं पिवळी पडतात. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही.

तपासायच्या दोन पद्धती. ओंजळभर खत किंचित ओलं करून प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा, तीन दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर तयार. नाकात झोंबलं किंवा नासल्याचा वास आला तर परत ढिगावर.

दुसरी अळिवाची. १ भाग खत १० भाग पाण्यात ढवळून तासभर ठेवा, कापडाने गाळा. एका ताटलीत टिश्यू पेपर त्या पाण्याने भिजवा, दुसरीत साध्या पाण्याने. दोन्हींत २५-२५ अळिवाचे दाणे, वर झाकण, अंधारात. तिसऱ्या दिवशी मोजा. साध्या पाण्यात २४ उगवले आणि खताच्या पाण्यात २० किंवा जास्त, मुळंही जवळपास सारख्याच लांबीची, तर बिनधास्त विका. दाणे उगवले पण मूळ आखूड आणि टोकाला तपकिरी, तर माल कच्चा तरी आहे किंवा खारट तरी.

चाळणी दोन जाळ्यांची करा. एकदम बारीक जाळीवर ओतलं की पाच मिनिटांत जाळी लिंपली जाते आणि माणूस कंटाळतो. आधी वाळू चाळायची १०-१२ मिमीची जाळी, मग ४ मिमीची. २ बाय ३ फुटांची लाकडी चौकट, भिंतीला तिरपी टेकवलेली, वरून घमेल्याने टाकत जायचं. वर राहिलेलं फेकू नका. आंब्याच्या कोया, डाळिंबाची सालं, काड्या यांना जिवाणू चिकटलेले असतात, पुढच्या ड्रमला तेच विरजण. ताक-गुळापेक्षा हे बरं काम करतं.

चाळताना एक गोष्ट हमखास सापडते: सफरचंदावरचा छोटा गोल स्टिकर. सहा महिन्यांनीही जसाच्या तसा, नंबर वाचता येईल असा. गिऱ्हाइकाला तो एक दिसला की बाकीच्या खतावरचा विश्वास जातो. सोबत भाजीच्या जुडीचं रबर, चहाच्या पिशवीची पिन, हाराचा दोरा. शेजाऱ्यांचा कचरा घेता ना, मग चाळल्यावर एकदा लोहचुंबक फिरवा. ब्लेडचा तुकडा कुणाच्या बोटाला लागला तर धंदा तिथेच संपला.

उन्हात वाळवायचं: नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, स्लॅब त्याहून तापलेला. दोन तासांत खताची राख होते. आतले जिवाणू जातात, आणि इतकं कोरडं खत नंतर पाणी धरत नाही, कुंडीत घातलं की वर तरंगतं. सावलीत किंवा शेडनेटखाली, बोटभर ते दोन बोटं जाड थर, दिवसातून दोनदा हात फिरवायचा. एक-दोन दिवस पुरतात. मुठीत दाबल्यावर लाडू वळला, पाणी आलं नाही आणि बोटाने टिचकी मारल्यावर तो फुटला, की थांबा.

त्याहून ओलं भरलं तर पिशवी आतून घामेजते, आठवड्यात आंबते. म्हणून पिशवी विणलेली घ्या, पिठा-तांदळाची असते तशी. प्लास्टिकचीच असेल तर सुईने वीस-पंचवीस भोकं पाडा. विणलेल्या पिशवीत वजन घटतं, हे लक्षात ठेवून ५ किलोच्या पिशवीत भरताना २००-३०० ग्रॅम जास्त टाका.

गच्ची_जुळेसोलापूर

दोघांचेही आभार. हात घालून बघितला. दोन पोती गार आहेत, तिसरं आत कोमट लागतंय, ते काढून पसरलं. आता अडचण सुक्या मालाची. उन्हाळ्यात पाला संपतो. इकडे विडीच्या पानाचं कातरण भरपूर मिळतं, ओळखीतल्या बायका विड्या वळतात त्या पोतंभर द्यायला तयार आहेत. यंत्रमागाच्या कारखान्यातला कापसाचा धुरळाही फुकट आहे. वापरू का?

पानगळ

विडीचं पान चालतं, तंबाखू चालत नाही. दोन्ही एकाच सुपात असतात, तिथेच घोळ होतो. तंबाखूतून मोझॅकचा विषाणू येतो. तो वाळलेल्या पानातही टिकतो आणि ढिगाच्या उष्णतेला दाद देत नाही. टोमॅटो, मिरची, वांगी तिन्हींना लागतो, आणि गच्चीवर लोक नेमकं तेच लावतात. तेव्हा कातरण घेताना सांगून ठेवा की पान कापतानाचं द्या, वळतानाचं नको. आणलं की चाळणीवर झटका, खाली तपकिरी भुकटी पडली तर ते पोतं ढिगात घालू नका. पान चिवट आहे, तसंच टाकलं तर चार महिने ओळखू येतं. रात्रभर भिजवून, चुरून घाला.

कापसाचा धुरळा पांढरा असेल तरच, आणि तोही थोडा. ओला झाला की त्याचा नमदा (घट्ट चटईसारखा थर) होतो, खालचा थर गुदमरतो. बादलीभर कचऱ्याला मूठभर, तोही विस्कटून. रंगीत सुताचा किंवा टॉवेल-चादरीच्या कापणीतला नको. त्यात रंग असतात, शिवाय पॉलिस्टरचा धागा मिसळलेला असला तर तो कुजतच नाही.

शेंगांची टरफलं उत्तम, चटणीवाल्यांकडे पोत्याने मिळतात. पण अख्खी घातली तर होडीसारखी पाणी धरून बसतात. पोत्यात भरून पायाने तुडवा, मग टाका. माप सोपं: एक बादली ओला कचरा, एक बादली चुरलेलं सुकं. पाला न चुरता घालत असाल तर दोन बादल्या.

उन्हाळ्यात ड्रमची कड वाळते आणि मध्य ओला राहतो. वरून बघितलं तर कोरडं वाटतं म्हणून लोक पाणी ओततात, ते मधे साचतं आणि तळातून काळं, घाण वासाचं पाणी गळतं. आधी ढवळा, मग मुठीत दाबून बघा, मग पाण्याचं ठरवा. ड्रम विटांवर ठेवा, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. मुंग्या झाल्या म्हणजे कोरडं पडलंय, चिलटं झाली म्हणजे वर सुकं कमी पडलंय.

खारं_पाणी

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक विचारतो: ड्रमवर पाणी कुठलं मारता? नळाला इथे काही दिवसांआड पाणी, त्यामुळे बहुतेक जण बोअरचं मारतात. काही जण तर आरओमधून बाहेर पडणारं, "वाया कशाला घालवायचं" म्हणून. पाणी उडून जातं, क्षार खतातच राहतात. तीन महिने रोज तेच केलं की खत खारट. त्यात उरलेली आमटी, लोणचं, मीठ लावलेलं काही पडलं की आणखी भर.

मोजायला सोपं आहे. पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) बघायचा पेनासारखा मीटर मिळतो. २० ग्रॅम खत, १०० मिली डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं मिळतं ते), तासभर अधूनमधून ढवळायचं, गाळायचं, मीटर बुडवायचा. आलेल्या आकड्याला ५०० ने भागा, की डेसिसायमन प्रति मीटर (खारटपणा मोजायचं एकक) मिळतं. साधारण सगळे स्वस्त मीटर याच हिशोबाचे असतात. सरकारच्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टला ४ ची मर्यादा आहे, म्हणजे मीटरवर २०००. पण ती शेतात पसरायच्या मालाला ठीक. कुंडीत क्षार मुरून खोल जायला जागा नसते, म्हणून मी तरी २ च्या आत, म्हणजे १००० च्या आत असलेलाच माल कुंडीसाठी द्या म्हणेन. रोपांना त्याहून कमी.

जास्त आला तर खत धुवायच्या भानगडीत पडू नका, अन्नद्रव्यंही वाहून जातात. कमी क्षाराच्या पुढच्या खेपेत निम्मं-निम्मं मिसळा, परत मोजा.

चाळणीवाला

हे महत्त्वाचं, माझ्याकडून राहिलं. फक्त एक दुरुस्ती: सगळ्याच बोअरचं पाणी खारं नसतं. तोच मीटर आधी बोअरच्या पाण्यात बुडवा. ५०० च्या आत असेल तर मारा. दीड-दोन हजार दाखवत असेल तर नळाचं पाणी ड्रमसाठी बाजूला काढून ठेवा, किंवा तांदूळ-डाळ धुतलेलं वापरा, ते तसंही रोज निघतं.

खारं_पाणी

मान्य.

कागदपत्र

परवान्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. खत (नियंत्रण) आदेश १९८५ चा आहे, जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा. त्यात गांडूळ खत आणि शहरी कंपोस्ट दोन्हींचे निकष दिलेले आहेत: ओल १५ ते २५ टक्के, किमान ९० टक्के माल ४ मिमी चाळणीतून जायला हवा, शहरी कंपोस्टला कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत, वगैरे. वर ४ मिमीची जाळी सांगितली ती याच मापाची. ओलीचा आकडा बघा: घरगुती माल ३० टक्क्यांवर चालून जातो, पण निकषात बसवायचा तर आणखी वाळवावा लागेल.

शेजारी, ओळखीत सुटं देणं वेगळं आणि नाव छापलेली पिशवी दुकानात ठेवणं वेगळं. दुसरं करायचं असेल तर आधी जिल्ह्याच्या कृषी विभागात जाऊन अधिकारपत्राचं विचारून घ्या. दुकानदारही तेच मागेल. तोपर्यंत तीन गोष्टी पाळा. पिशवीवर नत्र-स्फुरद-पालाशचे टक्के छापू नका, प्रयोगशाळेचा अहवाल नसताना तो आकडा अंगाशी येतो. "प्रमाणित सेंद्रिय" लिहू नका, प्रमाणपत्र नसताना ते खोटं आहे. आणि "सर्व रोगांवर" छापाचं तर काहीच नको.

पिशवी बंद करून विकत असाल तर वजन-मापं कायद्याप्रमाणे त्यावर नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी फोन लागतो. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी खाली एक ओळ घाला: "१२ इंची कुंडीला महिन्यातून दोन मुठी, खोडापासून चार बोटं लांब, वर माती ओढा." निम्म्या तक्रारी या ओळीने वाचतात, कारण लोक पूर्ण कुंडी कंपोस्टनेच भरतात आणि मग झाड मेलं म्हणून फोन करतात.

जीएसटीची काळजी करू नका. मालाची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असली तर नोंदणी लागत नाही, आणि तुमचा आकडा त्यापुढे किती आहे ते हिशोबनीसांनी सांगितलंच.

गच्ची_जुळेसोलापूर

मीटर मागवला. तोवर गार पोत्यांपैकी एक चाळायला घेतलं तर त्यात पांढऱ्या, जाडसर, सी आकारात वळलेल्या अळ्या निघाल्या, सात-आठ. डोकं तपकिरी. ही हुमणी का? मग हे खत बाद?

पानगळ

बाद नाही. सी आकार, तपकिरी डोकं, पुढे सहा पाय म्हणजे भुंगेऱ्याची अळी, हुमणीच्याच घराण्यातली. कुजकं खाणाऱ्या जातीही तशाच दिसतात, पण कुंडीत कुठली जाईल याचा भरवसा नाही आणि गिऱ्हाइकाला तर तो फरक ऐकायचाच नाही. जाळीवर मोठ्या सगळ्या थांबतात, वेचून कोंबड्यांना किंवा साळुंक्यांना टाका. बारीक अळ्या आणि अंडी चाळणीतून जातात, म्हणून ते पोतं आणखी तीन आठवडे सावलीत वेगळं ठेवा, परत चाळा, मगच भरा. पोत्याचं तोंड उघडं होतं ना? भुंगेरे संध्याकाळी येऊन अंडी घालतात. मुरायला ठेवलेल्या खतावर मच्छरदाणीचं कापड टाका, कडा विटांनी दाबा.

गच्ची_जुळेसोलापूर

तोंड उघडंच होतं. मच्छरदाणी टाकते. मिश्रणाच्या पहिल्या दहा पिशव्या जूनसाठी करते, अळिवाची चाचणी झाल्यावर.

हिशोबनीस

ताई, दहातल्या दोन शेजारच्या पाच घरांसाठी बाजूला ठेवा, आणि भाव न लावता तशाच द्या. कचरा त्यांचा आहे. तो वेगळा करून देताना त्यांनी हात आखडता घेतला तर पुढच्या खेपेला स्टिकरच चाळत बसाल.